पेट्रोल पंपावरची सीडी

रसेल पायबसला शेजारच्या लिंडसे डिरीनचा राग येत होता, आणि राग यावा असं लिंडसेनं काही केलेलंच नव्हतं. हीच तर पंचाईत होती. त्यानं कुंपण हातभर इकडे सरकवलं असतं, कुत्रा मोकाट सोडला असता, तर चार शब्द सुनावता तरी आले असते. लिंडसेनं एवढंच केलं, की एप्रिलमधल्या एका रविवारी आळीतल्या लोकांना बार्बेक्यूला बोलावलं आणि गाणी लावली.

गाणी लावली म्हणजे काय, तर खिडकीच्या कट्ट्यावर सुपाच्या वाडग्याएवढा एक गोल स्पीकर ठेवला होता, त्याला नुसतं तोंडानं सांगायचं. लिंडसेच्या मुलानं मेलबर्नहून पाठवलेला. लिंडसे हातात चिमटा घेऊन सॉसेज परतत होता आणि तिथूनच ओरडून गाण्याचं नाव सांगत होता. स्पीकर मुकाट्यानं ऐकत होता. मग बायकांना चेव आला. ही म्हणे हे लाव, ती म्हणे ते लाव. रसेलची बायको रेलीन तर टाळ्या वाजवायला लागली.

"रस, बघ ना! नुसतं बोललं की लागतं! आपल्याकडे एक गाणं ऐकायचं तर आधी विमान चालवायची परीक्षा द्यावी लागते."

सगळे हसले. रसेलही हसला, पण त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

कारण अल्व्हरस्टन गावात गाणं म्हटलं की लोकांनी रसेल पायबसचं नाव घ्यायचं, असा आजवरचा रिवाज होता. जन्मभर त्यानं कागदाच्या गिरणीत दाब-तापमान मोजणारी यंत्रं सांभाळली आणि पगारातून वाचेल ते सीडींवर आणि त्या वाजवायच्या सामानावर घातलं. घरातली समुद्राकडची खोली त्याची. एका भिंतीला छतापर्यंत सीडी, समोर फ्रीजएवढे दोन स्पीकर, मधोमध एकच खुर्ची. एकच, कारण आवाज बरोबर लागतो तो त्याच जागी. आधी हे बटण, मग ते, मग अँप्लिफायर गरम होईस्तोवर थांबायचं, मगच सीडी घालायची, तीही कडेला धरून. लग्नानंतर एकदा रेलीननं उलट्या क्रमानं बटणं दाबली तेव्हा रसेल असा किंचाळला होता, की तिनं पुन्हा म्हणून त्या सामानाला हात लावला नाही. तिनं स्वयंपाकघरासाठी एक स्वस्तातला सीडी-रेडिओ आणला, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

बार्बेक्यूहून परतताना रसेल म्हणाला, "त्याला काय आवाज म्हणतात? डब्यात माशी कोंडल्यासारखा."

"मला तर छान वाटला," रेलीन म्हणाली.

बस. एवढ्यावरनंच पुढचं सगळं घडलं. बायकोनं लिंडसेच्या सॉसेजला चांगलं म्हटलं असतं, त्याच्या गुलाबांना म्हटलं असतं, रसेलनं ऐकून घेतलं असतं. आवाजाला चांगलं म्हटलं, तेही त्या वाडग्याच्या, हे काही त्याला गिळवेना. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला टोस्टवर व्हेजिमाइटचा काळा, खारट लेप फासता फासता त्यानं जाहीर केलं, "मी सगळ्या सीडी संगणकात उतरवून घेणार आहे. सगळ्या. मग तू फोनवर बोट ठेवायचं, की हव्या त्या खोलीत हवं ते गाणं. आणि आवाज त्याच्यासारखा फाटका नाही."

"त्याच्यासारखा म्हणजे कुणासारखा?"

"कुणासारखा नाही. मी आपलं म्हटलं."

"कर की," रेलीन म्हणाली. "थंडी येतेच आहे. तेवढाच तुला उद्योग."

उद्योग! रसेलनं पुरा हिवाळा, म्हणजे तिकडचा मे ते ऑगस्ट, त्यात घातला. साधी माणसं सीडी संगणकात सारतात, बटण दाबतात आणि चहा प्यायला जातात. रसेलचं तसं नव्हतं. आधी प्रत्येक सीडी साबणाच्या पाण्यानं धुवायची, मऊ फडक्यानं आतून बाहेर सरळ रेषेत पुसायची, गोल गोल नाही. मग ती दोनदा वाचायची आणि दोन्ही वाचनं तंतोतंत जुळली तरच ठेवायची. तेवढ्यानंही भागत नसे. जगात आणखी कुणी हीच सीडी उतरवली असेल तर त्याच्या आकड्यांशी आपले आकडे जुळतात का, ते इंटरनेटवर ताडून बघायचं. जुळले की रसेलला सकाळी पोट साफ झाल्यासारखं समाधान वाटे. मुखपृष्ठं त्यानं स्वतः स्कॅन केली. एकाच वादकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असे, ते एका वळणावर आणलं. काही मैफलींच्या सीडींवर एक गाणं टाळ्यांसकट पुढच्यात मिसळत जायचं, तिथे संगणकानं मध्ये निमिषभराची फट पाडली. ती फट बुजवायला त्यानं आठवडाभर डोकं खाजवलं. जिन्याखाली दोन डिस्कची एक पेटी बसवली, आणि घराला आग लागली तर असावी म्हणून तिसरी प्रत होबार्टला मुलीकडे, तान्याकडे, ठेवायची असं ठरवलं.

लिंडसे अधूनमधून लिंबं घेऊन यायचा. त्याच्या झाडाला लिंबं फार. रिटायर होईपर्यंत त्यानं शाळेची बस चालवली होती, त्यामुळे आवाज मोठा, आणि आपलं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे अशी सवय.

"काय रे रस, अजून चालूच? मी तर नुसतं सांगतो आणि लागतं."

"तुझ्या त्या यंत्रात गाणं कापून छोटं केलेलं असतं, लिंडसे. अर्धं गाणं फेकून दिलेलं असतं."

"असेल बुवा. पण फेकलेलं अर्धं मला आधी तरी कुठे ऐकू येत होतं?"

रेलीन खो खो हसली. ती हसली हे रसेलला लागलं, आणि लिंबं फ्रीजमध्ये कुजेपर्यंत त्यानं त्यांना हात लावला नाही. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, इथे नावडत्याची लिंबंही कडू झाली.

जुलै उजाडेपर्यंत जवळजवळ सगळ्या सीडी उतरल्या, आणि मग रसेलच्या लक्षात एक भानगड आली. पडद्यावर एका गाण्याचं नाव घातलं की तेच गाणं चार-पाच ठिकाणी निघे. एकदा मूळ अल्बममध्ये, मग 'सुवर्णगीतं' म्हणून, मग 'निवडक' म्हणून, मग वर्तमानपत्राबरोबर फुकट आलेल्या सीडीत. जन्मभर मापात जगलेल्या माणसाला हा पसारा सहन होईना. त्यानं नियम केला: एक गाणं एकदाच, तेही मूळ अल्बममधलं, सगळ्यात चांगल्या आवाजाचं. बाकी सगळं डुप्लिकेट. डुप्लिकेट पेटीतून पुसली आणि त्यांच्या सीडी खोक्यांत भरल्या, चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात द्यायला.

खोकी भरता भरता तो स्वयंपाकघरात आला. सीडी-रेडिओजवळ रेलीनची सीडी पडली होती, बिनडबीची, तेलाची बोटं उमटलेली. कितीतरी वर्षांपूर्वी लॉन्सेस्टनच्या रस्त्यावर पेट्रोल भरताना तिनं गल्ल्याशेजारच्या टोपलीतून उचललेली, वीस जुन्या गाण्यांची. रसेलनं मागची नावं वाचली. वीसच्या वीस गाणी त्याच्याकडे मूळ अल्बममध्ये होती. ही त्यानं संगणकात घातलीसुद्धा नाही, सरळ खोक्यात टाकली. मग सीडी-रेडिओही उचलला.

रेलीन दारात उभी होती. "हेही?"

"अगं, आता याची काय गरज? पुढच्या महिन्यात तुझ्या फोनवर सगळं. आणि हा वाजतो तरी कसा! मला तर बाजूच्या खोलीत बसवत नाही."

"बरं," रेलीन म्हणाली.

आता, रेलीन पायबसचं 'बरं' ज्यांनी ऐकलंय ते सांगतील, की ते हो नसतं आणि नाहीही नसतं. दार हळूच लावून घेतल्याचा तो आवाज असतो. पण रसेलला त्या वेळी खोकी गाडीत चढवायची घाई होती.

आणि त्यानंतर कुंपणापलीकडून गाण्याचा आवाज यायला लागला.

वाडग्याचा आवाज असता तर रसेलनं खिडकी लावून घेतली असती. हा रेलीनचा आवाज होता. दुपारचे कप विसळले की ती लोकरी टोपी डोक्यावर ओढायची, "लिंडसेकडे जाऊन येते," म्हणायची आणि जायची. थोड्या वेळानं लिंडसेच्या स्वयंपाकघरातून गाणं सुरू व्हायचं. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं, मधेच हसत. त्यात लिंडसेचा बसच्या इंजिनासारखा आवाज मिसळायचा. रसेल आपल्या खोलीत हातात मऊ फडकं घेऊन बसायचा आणि ऐकायचा. सगळी वाद्यं वेगवेगळी ऐकायला शिकलेला त्याचा कान. त्याला त्या हसण्यातला श्वासन् श्वास ऐकू यायचा. ही बाई आपल्या घरात गात नाही. कधीपासून गात नाही? त्याला आठवेना. आणि तिथे गाते.

त्यानं नजर ठेवायला सुरुवात केली. त्याची त्यालाच लाज वाटत होती, तरी केली. रेलीननं चहाबरोबर खायचे ताटभर स्कोन भाजले की पाऊण ताट कुंपणापलीकडे जायचं. जाताना ती ओठांना काहीतरी लावायची. थंडीनं फुटतात म्हणून असेल. पण पूर्वी नव्हते का फुटत?

"तुम्ही दोघं करता तरी काय तिथे?" एकदा त्यानं विचारलंच.

"चहा पितो."

"आणि?"

"आणि कप विसळतो."

"रोज?"

"मग काय उष्ट्या कपात पिऊ?"

तान्याशी फोनवर बोलताना त्यानं आडून आडून विचारलं, की तुझ्या आईला हा लिंडसे जरा जास्तच आवडतो का. तान्या म्हणाली, "बाबा, लिंडसे सगळ्यांनाच आवडतो." हे ऐकून तर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दोन वर्षांपूर्वी लिंडसेची बायको मर्ल गेली तेव्हा रसेलच रेलीनला म्हणाला होता, "एकटा पडलाय बिचारा, जरा डबा देऊन ये." स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता. आता कुणाला दोष द्यायचा?

दोष नाही देता येत तर हरवायचं, असं त्यानं ठरवलं. एकदा का रेलीननं आपल्या खुर्चीत बसून तो आवाज ऐकला, की लिंडसेचं स्वयंपाकघर तिला पत्र्याचा डबा वाटेल. तो दिवसरात्र कामाला भिडला. ऑगस्ट सरता सरता, नदीकाठी वॅटलच्या झाडांना पिवळा बहर आला तेव्हा काम संपलं. त्या दिवशी दुपारी रसेलनं लाल भोपळ्याचं सूप स्वतः केलं, पाव भाजला, आणि जेवण झाल्यावर रेलीनचा हात धरून तिला समुद्राकडच्या खोलीत नेलं. मधल्या खुर्चीत बसवलं. स्वतः दाराला टेकून उभा राहिला. तिच्या हातात फोन दिला.

"दाब. हवं ते दाब."

रेलीननं चष्मा चढवला आणि भीत भीत बोट ठेवलं. खोली भरून गेली. एक बाई गायला लागली, इतकी जवळ, की तिनं श्वास घेतलेला कळावा.

"अगं बाई," रेलीन म्हणाली. "रस, खरंच फार छान. ती इथे उभी आहे असं वाटतं."

हिवाळाभर याच वाक्यासाठी रसेलनं फडकी झिजवली होती. इथे तोंड मिटून बसला असता तर शहाणा ठरला असता.

"लिंडसेकडे येतो का असा आवाज?"

रेलीननं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "लिंडसेचं काय मधेच?"

"काही नाही. ऐक तू."

मग तिनं नावाड्याचं गाणं शोधलं, तिचं आवडतं. खाडीपलीकडच्या बाईला नावाडी सांगतो, की वारा पडला की नाव सोडीन, उजाडायच्या आत तुझ्या दारी येईन. जुनं, भोळं गाणं. रेलीन ओठांतल्या ओठांत गुणगुणायला लागली. गाणं संपलं. रेलीननं पुढच्या गाण्याच्या पहिल्या ओळीसाठी तोंड उघडलं आणि भलतंच गाणं सुरू झालं. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"यानंतर हे नाही येत."

"हेच येतं. मूळ अल्बमचा क्रम आहे तो."

"बेकरीवालीचं गाणं येतं यानंतर."

"ते तुझ्या त्या पेट्रोल पंपावरच्या सीडीत. ती डुप्लिकेट होती, गं. तिच्यातली सगळी गाणी यात आहेत, नीट आवाजात."

"ती सीडी आहे का यात?"

"गाणी आहेत."

"सीडी आहे का, तेवढं विचारलं मी."

"सीडी… नाही."

"बरं."

हे 'बरं' मात्र रसेलला ऐकू आलं. तो घाईघाईनं पुढे झाला. "अगं, त्यात काय! तोच क्रम लावून देतो. पाच मिनिटांचं काम. तू नुसतं सांग, कशामागून काय ते."

रेलीननं खरंच प्रयत्न केला. डोळे मिटले, बोटं मोडली, पहिली दोन-तीन सांगितली आणि अडली. "असं नाही सांगता येत. एक संपलं की पुढचं आपोआप तोंडात येतं. आधी कसं सांगू?" ती उठली, फोन खुर्चीच्या हातावर ठेवला. "आवाज खरंच छान झालाय. दमला असशील तू. चहा टाकते."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. रसेल त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला आणि भलतं गाणं शेवटपर्यंत, अगदी निर्दोष आवाजात, वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कप विसळून रेलीननं टोपी ओढली आणि ती लिंडसेकडे गेली.

रसेल बसून राहिला. गाणं सुरू झालं. तो उठला, पुन्हा बसला. हसण्याचा आवाज आला आणि मग काही त्याला धीर धरवेना. निमित्त हवं म्हणून त्यानं गेल्या उन्हाळ्यात लिंडसेकडून आणलेली झुडपं कापायची कात्री शेडमधून काढली आणि ती हातात घेऊन तो निघाला. रस्त्यातून जाणाऱ्या पोस्टमननं हाक मारली तीही त्याला ऐकू गेली नाही. एवढी मोठी कात्री घेऊन, लाल तोंडानं, शेजाऱ्याकडे निघालेला माणूस पाहून पोस्टमनला काय वाटलं असेल देव जाणे.

मागच्या जाळीच्या दाराशी तो थांबला. आत काय दिसणार, याची त्यानं इतके दिवस मनात शंभर चित्रं काढली होती. त्यातलं एकही समोर नव्हतं. लिंडसे सिंकपाशी उभा राहून भांडी घासत होता. त्याच्यापासून दोन हात लांब रेलीन कप पुसत होती. फ्रीजवर एक जुना, मोठा सीडी-रेडिओ वाजत होता, नावाड्याचं गाणं, आणि दोघं त्याच्याबरोबर गात होती. हातात हात सापडला असता तर निदान काय करायचं ते रसेलला कळलं असतं. कपबशीला काय करणार?

मग गाणं त्या ओळीवर आलं आणि सीडी अडखळली. 'वारा पडला की नाव' म्हणाली, कुठेतरी खट्ट झालं, आणि एकदम 'दारी येईन'. मधलं सगळं गेलं. रसेलचा हात सवयीनं बटण शोधायला उठला. पण ती दोघं थांबली नव्हती. दोघांनी एकाच क्षणी, त्या खट्टबरोबर, उडी मारली होती. 'वारा पडला की नाव दारी येईन.' आणि तशीच पुढे गात गेली होती, जसं काही ते गाणं लिहिणाऱ्यानंच तसं लिहिलं होतं.

बायको शेजाऱ्याच्या गळ्यात पडलेली दिसली असती तरी रसेलला याहून जास्त लागलं नसतं.

"अरे रस!" लिंडसेनं त्याला पाहिलं. "ये, ये. कात्री कशाला आणलीस घाईनं? वसंतात लागली असती."

रसेल आत आला. कात्री टेबलावर ठेवली. त्यानं फ्रीजकडे बोट केलं. "ही तिचीच सीडी."

"माझीच," रेलीन म्हणाली. "तू खोकं गाडीत ठेवलंस आणि किल्ली आणायला गेलास. मी काढून घेतली."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू म्हणाला असतास, डुप्लिकेट आहे."

रसेल खरंच तेच म्हणाला असता. "पण मग घरी का नाही लावलीस?"

"कशावर?" रेलीन म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण कप तिनं जरा जोरात ठेवला. "तुझ्या त्या सिंहासनासमोर? माझा होता तो रेडिओ तू चर्चला दिलास. मर्लचा इथे धूळ खात होता. मी लिंडसेला म्हटलं, तासभर लावू का. एवढंच."

"मर्ललाही गाण्याचं वेड," लिंडसे सिंकमध्येच बघत म्हणाला. "ती गेल्यापासून बंद पडलं होतं ना घर."

रसेल फ्रीजपाशी गेला. आणि पुन्हा त्याची जीभ त्याला नडली. "चरा पडलाय हिच्यावर. साबणानं धुऊन अगदी हळू वाचली, तर निघेल तेवढं. मी करून देतो. एकही उडी राहणार नाही."

"हात लावू नकोस तिला, रस!"

इतक्या जोरानं रेलीन त्याच्यावर कधी ओरडली नव्हती. कधीकाळी बटणं चुकली तेव्हा तो ओरडला होता, थेट तसं. लिंडसेनं नळ बंद केला. स्वयंपाकघरात बेकरीवालीचं गाणं एकटंच वाजत राहिलं.

"बसणार असलास तर बस," मग रेलीन हळू म्हणाली. "चहा आहे किटलीत."

रसेल बसला. लिंडसेनं त्याच्यापुढे कप ठेवला आणि सगळं सांभाळून घ्यावं म्हणून, "चला, नावाड्याचं परत एकदा. आता तिघं आहोत," असं म्हणत ओल्या हातानं गाणं मागे नेलं. रसेलनं गायचं ठरवलं. हे गाणं त्याला येत नसेल तर कुणाला येणार? डुप्लिकेट पुसायच्या आधी त्याच्याकडे त्याच्या तीन आवृत्त्या होत्या. कुठे गायक श्वास घेतो, कुठे मागे खुर्ची करकरते, सगळं पाठ. त्यानं सूर बरोबर धरला, लिंडसेपेक्षा किती तरी बरोबर. रेलीननं त्याच्याकडे पाहिलं आणि ती गाता गाता किंचित हसली. कितीतरी दिवसांत ती त्याच्याकडे बघून अशी हसली नव्हती. रसेलनं आवाज मोकळा सोडला.

'वारा पडला की नाव…'

खट्ट.

"…दारी येईन," दोघं म्हणाली.

"सोडीन, उजाडायच्या आत…" रसेल एकटाच म्हणाला, खणखणीत, सुरेल, आणि त्या स्वयंपाकघरात तेवढाच त्याचा आवाज उरला.

रेलीनला हसू आवरेना. तिनं पुसायच्या फडक्यात तोंड लपवलं. लिंडसे हसला नाही. तो उलट समजूत घालायला लागला, आणि ते जास्त झोंबलं. "होतं रे असं. माझं पहिले पंधरा दिवस होत होतं. रोज मी तिथे चुकायचो आणि ही हसायची. मग एकदा जमून गेलं."

पंधरा दिवस. या माणसानं पंधरा दिवस रोज चुकून, आपली बायको कुठे उडी मारते ते शिकून घेतलं होतं. आणि तेच गाणं रसेलच्या भिंतीपलीकडे किती वर्षं याच जागी अडखळत होतं. त्यानं दरवेळी दार लावून घेतलं होतं.

गाणं संपून पुढचं सुरू झालं. रसेल उठला. रेलीनचं हसू थांबलं, तिला वाटलं हा आता निघून जाणार. पण तो फ्रीजपाशी गेला आणि मर्लच्या त्या रेडिओकडे बघत उभा राहिला. घासून घासून बटणांवरच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या.

"लिंडसे," तो म्हणाला, "मागचं गाणं कुठल्या बटणानं लागतं रे?"

लिंडसेनं हात पुसायला घेतले, तोवर रेलीन उठून तिथे पोचली होती. तिनं बटण दाबलं. नावाडी पुन्हा पहिल्यापासून गायला लागला. रसेल या वेळी गाणं ऐकत नव्हता. तो रेलीनच्या ओठांकडे बघत होता, उडी कुठे मारायची ते कळावं म्हणून.